डी: म्हणजे सीडी नव्हे, ती दारावरची पाटी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी अस्थिरोगाचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांकडे रुग्ण सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या सीडी घेऊन येतात. दवाखान्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सीडीवरून घ्या’ असं बटण आहे आणि ते फक्त डी: मध्येच शोधतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये सीडी ड्राइव्ह नाही, एसएसडीचे सी: आणि डी: असे दोन भाग पाडलेले आहेत. बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी रायटर आणला, तर तो कधी ई: होतो, कधी एफ:. सीडी पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तर तिच्यातला व्ह्यूअर, म्हणजे प्रतिमा दाखवणारा प्रोग्राम, ‘सीडी घाला’ म्हणून अडून बसतो. कपाटात चारेकशे जुन्या सीडी आहेत, त्यांचं काय करायचं? आणि ही अक्षरांची भानगड अजून टिकून आहेच कशी?

डॉक्टर, आधी तुमचं रोजचं काम सुरू करू, इतिहास नंतर.

सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासा. तुमच्या डी: भागात नेमकं काय आहे? दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस तिथे असेल, एखादा प्रोग्राम तिथे इन्स्टॉल केलेला असेल किंवा अकाउंटच्या फाइली तिथे असतील, तर डी: ला हात लावू नका. अक्षर बदलल्याने फाइली पुसल्या जात नाहीत, पण त्या फाइलींकडे जाणारे सगळे जुने पत्ते चुकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू असताना सॉफ्टवेअर उघडतच नाही. डी: रिकामा असेल किंवा त्यात नुसते फोटो आणि गाणी असतील, तर काम सोपं आहे. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. वरच्या यादीत डी: वर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा आणि त्याला आर: किंवा एस: असं लांबचं अक्षर द्या. मग डीव्हीडी रायटर जोडा. तो त्याच खिडकीत खालच्या बाजूला ‘सीडी-रॉम ०’ म्हणून दिसेल, त्याला डी: द्या. आता सॉफ्टवेअरचं बटण दाबून बघा. बहुतेक वेळा इथेच काम होतं.

डेटाबेस डी: वरच असेल तर उलट्या बाजूने जावं लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरलाच समजावावं लागतं. त्या काळातले बरेच प्रोग्राम अशा गोष्टी आयएनआय नावाच्या साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवत. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ती शोधा, नोटपॅडमध्ये उघडा, आणि एखाद्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे डी:\ दिसतं का बघा. दिसलं तर मूळ फाइलीची प्रत काढून ठेवा आणि त्या जागी एका कायमच्या फोल्डरचा पत्ता लिहा, समजा सी:\स्कॅन (प्रत्यक्षात नाव इंग्रजीतच ठेवा, जुन्या प्रोग्रामना देवनागरी नावं झेपत नाहीत). मग मदतनिसाने प्रत्येक रुग्णाची सीडी त्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि बटण दाबायचं. पुढच्या रुग्णाआधी फोल्डर रिकामा करायला विसरायचं नाही. एकाच्या गुडघ्याच्या प्रतिमा दुसऱ्याच्या नावावर चढणं ही दवाखान्यातली सगळ्यात वाईट चूक आहे, आणि ती अशाच फोल्डरमधून होते.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी चांगले चांगले तंत्रज्ञ पडलेले पाहिलेत. आयएनआय फाइल बदलली तरी प्रोग्राम जुनंच वागतो. कारण व्हिस्टापासून पुढे, एखादा जुना प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या हक्काने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला अडवत नाही, पण ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या जागेत ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्यानंतर प्रोग्रामला तीच प्रत वाचायला मिळते. तुम्ही मूळ फाइल बदलत बसता आणि प्रोग्राम दुसरीच वाचत असतो. म्हणून ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये ‘व्हर्च्युअलस्टोअर’ आहे का ते बघा, आणि असेल तर तिथली प्रत बदला.

काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) टाइप करायच्या ‘सब्स्ट’ या आज्ञेबद्दल कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून लिहितो. तिने एखाद्या फोल्डरला मोकळं अक्षर देता येतं. डी: मोकळा असेल तर ‘सब्स्ट डी: सी:\स्कॅन’ एवढ्या एका ओळीत जुना प्रोग्राम गप्प होऊ शकतो. पण कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की ते अक्षर जातं. शिवाय प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवला, तर त्याला हे अक्षर सहसा दिसतच नाही, कारण विंडोजच्या लेखी ते वेगळं लॉगॉन असतं. नेटवर्कवरच्या ड्राइव्हला दिलेल्या अक्षराचंही हेच. ‘मला झेड: दिसतो, सॉफ्टवेअरला दिसत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो की सॉफ्टवेअर कोणाच्या नावाने चालतंय. दहातल्या निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आता ई: आणि एफ: ची अदलाबदल. विंडोज जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक ओळख देऊन लक्षात ठेवतं, आणि एकदा दिलेलं अक्षर त्या ओळखीशी बांधून ठेवतं. उपकरणाच्या आत सीरियल क्रमांक नोंदवलेला असेल तर ओळख त्यावरून ठरते, मग ते कोणत्याही पोर्टमध्ये लावा. पण स्वस्तातल्या अनेक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये असा क्रमांकच नसतो. मग विंडोज कोणत्या पोर्टला जोडलंय त्यावरून ओळख बनवतं, आणि तोच ड्राइव्ह डावीकडून काढून उजवीकडे लावला की त्याच्या दृष्टीने नवा पाहुणा येतो आणि त्याला नवं अक्षर मिळतं. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. ड्राइव्ह कायम एकाच पोर्टमध्ये लावा, पोर्टशेजारी कागदी पट्टी चिकटवा, आणि त्याच पोर्टमध्ये असताना त्याला अक्षर नेमून द्या.

आणि तो पोर्ट कॉम्प्युटरचा स्वतःचा असू द्या, हबचा नको. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. तबकडी वेगात फिरायला लागताना या ड्राइव्हला त्याहून जास्त करंट लागू शकतो, म्हणूनच काही ड्राइव्हना दोन तोंडांची केबल येते. करंट पुरला नाही की ड्राइव्ह क्षणभर मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. विंडोजचा उपकरण काढल्याचा आणि जोडल्याचा आवाज लागोपाठ येतो, आणि पडद्यावर ‘ड्राइव्ह नॉट रेडी’ येतं. अशा वेळी लोक सॉफ्टवेअरला दोष देतात, आणि दोष केबलचा असतो.

आता अक्षरांविषयी. मला हा विषय मनापासून आवडतो, कारण एवढीशी सवय इतकी वर्षं कशी टिकते हे त्यात दिसतं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या सीएमएस प्रणालीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिस्कला एका अक्षराने ओळखायची पद्धत होती. १९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी छोट्या कॉम्प्युटरसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तिच्यात फ्लॉपी ड्राइव्हना ए:, बी: अशी अक्षरं आली. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या वळणावर ८६-डॉस तयार केली, ती मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर तीच पीसी-डॉस म्हणून बाहेर पडली. अक्षरंही तिच्याबरोबर आली.

त्या पीसीला एकच फ्लॉपी ड्राइव्ह असला तरी डॉस ए: आणि बी: दोन्ही दाखवायची. बी: ला काही कॉपी करायला सांगितलं की ‘ड्राइव्ह बी: ची डिस्केट घाला आणि कोणतीही कळ दाबा’ असा संदेश यायचा. माणूस त्याच फटीतली फ्लॉपी काढून दुसरी घालायचा. म्हणजे अगदी सुरुवातीपासून अक्षर ही वस्तू नव्हती. एका दाराला दोन पाट्या होत्या. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. ए: आणि बी: फ्लॉपींसाठी राखलेले, म्हणून हार्ड डिस्क सी: झाली. फ्लॉपी गेल्याला जमाना झाला, पण आजही नवं विंडोज टाकलं की ते सी: वरच बसतं आणि सुरुवातीची दोन अक्षरं मोकळी राहतात.

मग सीडी आली आणि सी: च्या पुढचं अक्षर म्हणून डी: वर बसली. डॉसला तर फाइली साठवायची फक्त स्वतःची फॅट पद्धत वाचता यायची, सीडीवरची १९८८ ची आयएसओ ९६६० पद्धत तिला परकी होती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एमएससीडीईएक्स नावाचा तुकडा लिहिला. त्याने सीडी डॉससमोर उभी केली ती नेटवर्कवरचा ड्राइव्ह म्हणून. आपल्याच पेटीत बसलेल्या सीडीला डॉस दूरच्या कॉम्प्युटरवरची डिस्क समजायची, आणि डिस्क तपासणारी चेकडिस्क ही आज्ञा तिच्यावर चालत नसे, ते याच कारणाने. मशिन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन फाइलींपैकी कॉन्फिगमध्ये ड्रायव्हरची ओळ, ऑटोएक्झेकमध्ये एमएससीडीईएक्सची ओळ, आणि त्या ओळीच्या शेवटी ‘एल’ आणि अक्षर असा एक पर्याय. तो पर्याय न लिहिता सोडला की सीडी पहिल्या मोकळ्या अक्षरावर जाऊन बसायची.

त्यात मेख अशी होती, की डॉस आधी प्रत्येक हार्ड डिस्कच्या पहिल्या मुख्य भागाला अक्षर द्यायची आणि मग उरलेल्या भागांना. सी: आणि डी: असे दोन भाग असलेल्या मशिनवर गिऱ्हाइकाने दुसरी हार्ड डिस्क बसवली की तिचा पहिला भाग मध्येच डी: होऊन बसायचा, जुना डी: सरकून ई: व्हायचा, आणि सीडी एफ: वर जायची. सकाळपर्यंत नीट चाललेला ज्ञानकोशाचा प्रोग्राम संध्याकाळी सीडी मागायचा, आणि सीडी तर आतच असायची. त्या काळात मी जोडलेल्या प्रत्येक मशिनवर सीडीला आर: द्यायचो. ‘लास्टड्राइव्ह’ (शेवटचं चालणारं अक्षर) झेड पर्यंत वाढवायचं आणि सीडी कायमची आर:. पुढे कितीही डिस्क जोडा, ती जागची हलत नसे. आज तुम्हाला लांबचं अक्षर द्या म्हणालो, ते त्याच सवयीतून.

तुमच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा याच हवेत वाढलेला असणार. त्याच्या टेबलावरच्या मशिनवर सीडी डी: होती, गिऱ्हाइकाच्याही मशिनवर डी: होती, म्हणून त्याने डी: लिहून टाकलं. त्याच्यासाठी तो शॉर्टकट होता, पण त्याची किंमत आता तुम्ही मोजताय. आपल्याकडे नंतर दुसरी सवय पडली, ‘सी: वर विंडोज, डी: वर डेटा’. मशिन जोडून देणारा प्रत्येक जण डिस्कचे तीन-चार भाग पाडूनच द्यायचा. हेतू चांगला होता, विंडोज पुन्हा टाकलं तरी फोटो वाचायचे. पण त्यामुळे सीडीचा डी: आणि डेटाचा डी: एकमेकांच्या अंगावर आले. ही सवय आता क्लाउडपर्यंत पोचली आहे, आणि तिथे ती धोक्याची आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरवर विंडोजचं मशिन घेतलं, तर अनेक प्रकारांत डी: हा तात्पुरत्या साठवणीचा ड्राइव्ह असतो. मशिन दुसऱ्या यंत्रावर हलवलं की त्यातलं सगळं जातं. त्या ड्राइव्हवर डेटा जाईल असा इशारा देणारी एक फाइलही ठेवलेली असते. जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर उचलून तिथे नेलं आणि डेटाला सवयीने डी: दिला, तर काय होईल ते सांगायला नको.

आतून बघितलं तर आजच्या विंडोजला ही अक्षरं लागतच नाहीत. एनटीच्या घराण्यात (आजचं विंडोज त्यातलंच) सुरुवातीपासून प्रत्येक उपकरणाला स्वतःचं नाव असतं. सीडी ड्राइव्हचं नाव ‘डिव्हाइस\सीडीरॉम०’, आणि डी: ही त्या नावाकडे बोट दाखवणारी नुसती खूण. खात्री करायची असेल तर काळ्या खिडकीत ‘माउंटव्हॉल’ असं टाइप करून एंटर दाबा. शेवटी एक यादी येईल. प्रत्येक भागाचं महिरपी कंसातलं लांबलचक नाव, आणि त्याखाली ज्याचं त्याचं अक्षर. काही भागांखाली अक्षरच नसेल. ते भागही जिवंत आहेत, विंडोज त्यांच्यावर काम करतं, फक्त त्यांच्या दारावर पाटी नाही. कोणती पाटी कोणाची याची नोंद विंडोज २००० पासून रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत) ‘माउंटेडडिव्हायसेस’ या जागी असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी ती नोंद जेमतेम १२ बाइटची असते, चार बाइट डिस्कची सही आणि आठ बाइट भाग कुठून सुरू होतो तो आकडा. उत्सुकता म्हणून बघा, पण तिथे हाताने काही बदलू नका.

सीडीतल्या व्ह्यूअरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तुमचं काम जास्त सोपं होऊ शकतं, म्हणून जरा थांबून वाचा.

स्कॅन सेंटरने दिलेली सीडी उघडून तिच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत न जाता, बघा. डायकॉमडीआयआर नावाची एक फाइल दिसेल. इंग्रजीत तिची अक्षरं मोजा, बरोबर आठ भरतील. शेजारच्या फोल्डरांत प्रतिमांच्या फाइली असतात, त्यांची नावंही मोठ्या अक्षरांत, जास्तीत जास्त आठ अक्षरांची, आणि पुढे टिंब-एक्स्टेन्शन काही नाही. हे त्या सेंटरने आळसाने केलेलं नाही. डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाण १९९३ पासूनचं, आणि डिस्कवर देण्याच्या फाइलींची नावं कोणत्याही यंत्रावर वाचता यावीत म्हणून त्याने ही मर्यादा घातली. आयएसओ ९६६० च्या सगळ्यात साध्या पायरीवरही आठच अक्षरं चालतात. म्हणजे आज सकाळी काढलेला एमआरआयसुद्धा डॉसच्या काळातल्या नियमाने नाव घेऊन तुमच्या टेबलावर येतो. एक्स्टेन्शन नसल्यामुळे विंडोजला ती फाइल कशात उघडायची ते कळत नाही, आणि म्हणून सेंटर सीडीतच एक व्ह्यूअर घालून देतं.

तो व्ह्यूअर ‘सीडी घाला’ म्हणतो तेव्हा तो प्रतिमा शोधत नसतो. आपण ज्या ड्राइव्हवरून चाललोय तो सीडीचा आहे का, एवढंच तो विंडोजला विचारत असतो. विंडोजमध्ये या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळतं: २ म्हणजे काढता येणारी डिस्क, ३ म्हणजे पक्की डिस्क, ४ नेटवर्क, ५ सीडी. पेन ड्राइव्ह ५ कधीच सांगत नाही, सब्स्टने अक्षर दिलेला फोल्डरही सांगत नाही. पण आयएसओ फाइल सांगते. आयएसओ म्हणजे संपूर्ण सीडीची एका फाइलीतली हुबेहूब प्रत. विंडोज ८ पासून तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती खरीखुरी सीडी घातल्यासारखी नव्या अक्षरावर उघडते, आणि प्रोग्रामला ५ असंच उत्तर मिळतं. डी: मोकळा असेल तर बहुधा तिला डी: च मिळेल, मग तुमचं जुनं बटणही चालेल. मशिन बंद करून सुरू केलं की ती पुन्हा उघडावी लागते. आणि फाइल मशिनच्या स्वतःच्या डिस्कवर, कॉम्प्रेस न केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून उघडा, नाहीतर विंडोज नकार देऊ शकतं.

तरी माझं खरं सांगणं असं, की सीडीतला व्ह्यूअर वापरूच नका. डायकॉमडीआयआरमध्ये प्रत्येक प्रतिमेचा पत्ता लिहिलेला असतो तो सीडीच्या मुळापासून मोजलेला. त्यात कुठेही डी: किंवा ई: नसतं. ज्यांनी हे प्रमाण लिहिलं त्यांनी अक्षरावर भरवसा ठेवला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. अख्खी सीडी आहे त्या फोल्डर-रचनेसह कुठेही कॉपी करा, नाव बदलू नका, आणि तुमच्या मशिनवर एकदाच बसवलेल्या चांगल्या व्ह्यूअरमधून ती डायकॉमडीआयआर फाइल उघडा. सगळ्या मालिका रांगेने दिसतील. वीॲसिस हा मुक्त स्रोताचा व्ह्यूअर त्यासाठी चालतो. दुसऱ्याने दिलेल्या तबकडीवरचा अनोळखी प्रोग्राम रुग्णांच्या माहितीच्या मशिनवर चालवायची गरज उरत नाही, हा फायदा वेगळाच.

हा फायदा किती मोठा, ते ऑटोरनच्या इतिहासावरून कळतं. विंडोज ९५ पासून सीडी घातली की तिच्यातला प्रोग्राम आपोआप चालायचा. पुढे पेन ड्राइव्ह आले आणि २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर नावाचा किडा या वाटेनेही जगभर पसरला. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही वाट बंद झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट आलं. सीडीसाठी मात्र सवलत राहिली. मग इंटरनेटच्या यूएसबी डोंगलवाल्यांनी काय केलं? डोंगल जोडला की तो आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगायचा, त्यातला ड्रायव्हर बसवायचा आणि मग मोडेम व्हायचा.

त्याचा एक अनुभव सांगतो. एका किराणा व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा रात्रीचा बॅकअप ई: वर जायचा, म्हणजे पेन ड्राइव्हवर. त्यांनी डोंगल घेतला. तो सकाळी पेन ड्राइव्हच्या आधी जोडला जायचा आणि त्याची ती खोटी सीडी ई: व्हायची. सॉफ्टवेअर रोज रात्री ई: वर लिहायला जायचं, तिथे लिहिता येत नसे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने चूक झाल्याचा संदेश दाबून टाकलेला असल्यामुळे पडद्यावर काहीच यायचं नाही. हार्ड डिस्क गेली त्या दिवशी मला बोलावणं आलं. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा होता. त्या माणसाने आणि त्यांच्या मुलीने वह्यांवरून तीन महिन्यांची उधारी पुन्हा चढवली. तेव्हापासून कुणाचंही सॉफ्टवेअर बघताना त्यात एकटं अक्षर लिहिलेलं दिसलं की मी ते सोडून देत नाही.

आता कपाटातल्या चारशे सीडी. हे काम पुढे ढकलू नका. घरी किंवा सेंटरमध्ये लिहिलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते, छापील सीडीसारखी दाबलेली नसते. उष्णता, ऊन आणि दमट हवा त्या थराला सोसत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडची कपाटं कशी होतात ते तुम्हाला माहीत आहे. वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिलेल्या आणि कागदी चिकटपट्टी लावलेल्या सीडी आधी घ्या, त्या लवकर दगा देतात.

प्रत्येकीची आयएसओ काढा. विंडोज आयएसओ उघडतं, पण सीडीवरून बनवण्याची सोय त्यात नाही. त्यासाठी इमगबर्नसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम लागेल. एका सीडीवर जास्तीत जास्त ७०० मेगाबाइट, म्हणजे चारशे सीडी मिळून फार तर २८० गीगाबाइट. आजच्या एका छोट्या डिस्कवर हे मावतं, दोन डिस्क घेऊन दोन प्रती ठेवा. फाइलीचं नाव तुमच्या केस पेपरचा क्रमांक आणि स्कॅनची तारीख एवढंच ठेवा, रुग्णाचं नाव नको. डिस्कला बिटलॉकर किंवा तत्सम कुलूप लावा. काढलेली प्रत लगेच उघडून शेवटच्या मालिकेची शेवटची प्रतिमा बघा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि भरलेल्या सीडीच्या बाहेरच्या कडेचा भाग बऱ्याचदा आधी खराब होतो.

वाचताना अडकणाऱ्या सीडीसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, आणि मी त्याला फार मानतो. तिथे अक्षरं नाहीत, सीडी ड्राइव्हचं नाव ‘एसआर०’. वाचनाचा तुकडा २०४८ बाइटचा ठेवायला सांगायचं, कारण सीडीच्या एका सेक्टरमध्ये (वाचनाच्या सगळ्यात छोट्या कप्प्यात) तेवढाच डेटा असतो. हे साधन आधी सहज वाचता येतं ते उचलतं, कोणते सेक्टर राहिले त्याची नोंद एका फाइलीत ठेवतं, आणि मग राहिलेल्यांच्या मागे लागतं. तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच नोंद पुढे दिली की ते फक्त राहिलेले सेक्टर मागतं. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. म्हणून जुन्या मशिनमधला सीडी ड्राइव्ह भंगारात देऊ नका.

तुमच्या सॉफ्टवेअरचा लेखक अजून फोन उचलत असेल, तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा. डी: काढून टाका आणि ‘फोल्डर निवडा’ असं बटण द्या. आपोआप शोधायचंच असेल तर विंडोजला आधी सगळ्या अक्षरांची यादी विचारा, मग प्रत्येकाचा प्रकार विचारा, पण प्रकारावर थांबू नका. कोणत्या जागी डायकॉमडीआयआर आहे ते बघा, आणि ती जिथे असेल ती जागा घ्या, मग ती सीडी असो, पेन ड्राइव्ह असो वा नेटवर्कवरचा फोल्डर. ड्राइव्ह रिकामा असेल तर विंडोज २१ क्रमांकाची चूक देतं, ‘तयार नाही’. ती आली की थोडं थांबून पुन्हा विचारा, कारण तबकडीला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. आणि आत घेण्याआधी प्रतिमेतलं रुग्णाचं नाव आणि उघडलेल्या केस पेपरवरचं नाव पडद्यावर शेजारी शेजारी दाखवा.

तोवर आज संध्याकाळी एवढं करा. डी: मध्ये काय आहे ते लिहून काढा, ड्राइव्हसाठी एक पोर्ट ठरवा, आणि कपाटातली सगळ्यात जुनी सीडी घेऊन तिची आयएसओ काढून बघा. ती कुठे अडली तर कोणत्या टप्प्यावर आणि पडद्यावर नेमका काय संदेश आला ते जसंच्या तसं लिहून पाठवा, मी पुढचं सांगतो.